'ता' चेडू 'ती' कधी होतं?

रविवारी दुपारी वेंगुर्ल्याकडच्या मामीला माझ्या कादंबरीचा सातवा चॅप्टर वाचून दाखवला, फोनवर. तिच्याकडं रेंज फक्त मागच्या पडवीत येते, त्यामुळं ती तिथं बसून सुंगटं (कोळंबी) सोलत ऐकत होती आणि मी इकडं बेळगावात आमच्या माडीवर, खाली आईचा टीव्ही चालू. बारा पानं वाचली. माझ्या मते तोच भाग सगळ्यात जमलेला होता. आषाढातली पहाट आहे, पंधरा वर्षांची पोरगी पहिल्यांदा बापाशेजारी रापण, म्हणजे किनाऱ्यावरनं सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढायला उभी राहते, वरून पाऊस, दोरानं तळहात सोलवटलेत तरी ती सोडत नाही. वाचून थांबले. पलीकडनं काहीच आवाज येईना, मला वाटलं रेंज गेली. मग मामी म्हणाली, "आषाढात रापण खयसून इली गो? होडये तेवा वर काडलेले असतत."

मला पुढं बोलताच येईना. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते हे मी वाचलेलं होतं, आणि रापणीच्या होडीला मशीन नसतं, म्हणजे तिला बंदी लागू नाही, म्हणजे रापण पावसात चालत असणार असं मी माझं मीच ठरवून टाकलेलं. मामीला हे सांगितलं तर म्हणाली, "कायदो ऱ्हवांदे बाजूक, दर्या खय सोडता?"

मग तिनं सविस्तर सांगितलं. पावसाच्या तोंडाला होड्या ओढून वर आणायच्या, झापांनी शाकारून ठेवायच्या, जाळी घरात, पुरुष माणसं पडवीत बसून फाटलेली जाळी दुरुस्त करत असतात आणि घरात पैसा म्हणून नसतो, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला खारा बांगडा आणि गोलमा (सुका जवळा) यावर दिवस काढायचे ते नारळी पौर्णिमेपर्यंत. दर्याला नारळ दिला की मग एकेक होडी खाली जाते. एवढं सांगून म्हणाली, "तुझा चेडू आषाढात काय करता सांगू? बापूस घरात बसून असता, आवशीकडे पैसे नसतत, चेडवाक शाळेचा पुस्तक व्हया असता. ता मागूक जाता नि मागणा नाय."

चेडू म्हणजे मुलगी, ती पुस्तकाला पैसे मागायला म्हणून बापापाशी जाते आणि न मागता परत येते. मी ते वाक्य तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं, हात थरथरत होता खरंच सांगते. बारा पानं त्याच रात्री काढून टाकली. आता सातव्या चॅप्टरमध्ये रापण नाही, पडवी आहे, पाऊस आहे, जाळं मांडीवर घेऊन बसलेला बाप आहे आणि दारात दोनदा येऊन गेलेली मुलगी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गेली चार वर्षं मी एक कादंबरी लिहितेय. वेंगुर्ला तालुक्यात खाडीच्या तोंडाशी एक वाडी, तीस-पस्तीस घरं, साल २००९, तिथली एक मुलगी दहावीत आहे. बाप रापणकर, आई डोक्यावर टोपली घेऊन बाजारात मासे विकते, मोठा भाऊ घर सोडून मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेलाय. मुलीला गणित येतं. बाकी मोठं कथानक काही नाही, एका वर्षात ती मोठी होते एवढंच. बेळगावात बसून समुद्राकाठची कादंबरी का लिहितेस, सीमाभागावर लिही की, असं मला चांगल्या लोकांनी विचारलंय, आपल्याकडच्या एका साहित्य संमेलनात तर स्टेजवरच विचारलं. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, ते आता देते.

आई तिकडची. तिचं माहेर त्याच किनाऱ्यावरचं, आणि आमचं घर बेळगावच्या उत्तरेला मार्कंडेय नदीकाठचं, भात, बटाटा, रताळी करणारं. ही दोन टोकं जुळली बाबांच्या टेम्पोमुळं. बाबा मासळीचा टेम्पो चालवायचे. संध्याकाळी वेंगुर्ल्याहून बर्फात घातलेले खोके भरायचे, सावंतवाडी, दाणोली, मग रात्री आंबोलीचा घाट चढायचा, पुढं चंदगड तालुक्यातनं पाटणे फाटा, शिनोळी, तुरमुरी, हिंडलगा करत उजाडायच्या आत कॅम्पातल्या मासळी बाजारात. या रस्त्याला आमच्याकडं अजूनही वेंगुर्ला रोडच म्हणतात आणि ते उगीच नाही, रेल्वे येण्याआधी बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्लाच होतं, इकडचा कापूस बैलगाड्यांनी घाट उतरून तिथं जहाजात चढायचा. बाबांनी आणि आईनं एकमेकांना बंदरावरच बघितलं, १९७८ साली लग्न केलं, दोन्ही घरांत दोन-तीन वर्षं कुणी कुणाशी बोलत नव्हतं. माझा जन्म झाल्यावर मामा पहिल्यांदा घाट चढून आला, पिशवीत सोलं आणि खारा बांगडा घेऊन.

तर मी मासळीच्या टेम्पोवाल्याची मुलगी. बाबा सकाळी घरी आले की शर्ट अंगणातच काढायचे, तो शर्ट आणि माझा शाळेचा युनिफॉर्म आई एकाच बादलीत भिजवायची. सातवीत असताना शेजारच्या बाकावरची मुलगी मला म्हणाली, तुझ्या ड्रेसला वास येतोय गं. वाईट बुद्धीनं म्हणाली नाही ती, साधं सांगितलं. त्या दिवसापासनं मी माझा ड्रेस वेगळा धुवायला लागले, आधी कपड्याच्या साबणानं, मग परत अंगाच्या साबणानं. आईनं कधी विचारलं नाही का म्हणून. तिला कळलं होतं हे मला फार उशिरा कळलं, आणि ते कळल्यावर मी ही कादंबरी सुरू केली. त्यातली मुलगी शाळेला होडीतनं खाडी ओलांडून जाते आणि होडीत ती नेहमी अशा बाजूला उभी राहते की वारा आधी बाकीच्यांवरनं येईल आणि मग तिच्यावरनं जाईल. त्यासाठी तिला वारा कळावा लागतो, रोज कुठनं येतो, पावसाआधी कसा फिरतो. वारा ती तशी शिकलेली आहे. मला वाटतं संपूर्ण कादंबरीत मी सगळ्यात खरं लिहिलेलं तेच आहे.

पहिल्या ड्राफ्टमध्ये समुद्र फार होता. सूर्यास्त, लाटा, वाळू, गाज, सगळं. घाटावरनं जाणारं माणूस सुट्टीत समुद्र बघायलाच जातं ना, तसा मी तो बघितलेला, मे महिन्यात पंधरा दिवस. मामीच्या तोंडून मी आजवर समुद्राचं वर्णन ऐकलेलं नाही. ती पाण्याचा रंग बघते, पण कशासाठी तर पाणी गढूळ झालंय का, वारा कुठला लागलाय, आज होडी लवकर येईल की उशिरा. आमच्या गावात माझी चुलती रताळ्याच्या शेताकडं जशी बघते तसंच. शेत सुंदर आहे असं तीही कधी म्हणाली नाही. दुसऱ्या ड्राफ्टला मी चाळीसभर पानं काढली. एका प्रकाशकांनी वाचून कळवलं की लेखन चांगलं आहे पण कोकणातली कादंबरी असून समुद्र कमी वाटतो, वाचकाला तिथं गेल्यासारखं वाटलं पाहिजे. त्यांचं म्हणणं मी आठवडाभर डोक्यात घोळवलं. पानं परत घातली नाहीत. माझ्या पोरीला तिथं जायचं नाहीये, ती तिथलीच आहे, आणि कादंबरी तिच्या डोळ्यांनी आहे.

त्यापेक्षा गणित घातलं. मामा मला लहानपणी शिकवायचा, तिथीची पाऊणपट कर की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, सहा वाजता भरती पुरी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. भरती रोज साधारण पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढं सरकते त्याचाच हा हिशोब, जागेप्रमाणं थोडं मागंपुढं होतं पण होडी धरायला पुरतं. कादंबरीतली मुलगी वहीच्या शेवटच्या पानावर महिनाभराचा तक्ता करून ठेवते. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणजे ओहोटी पावणेअकराच्या सुमाराला, नेमकी शाळेच्या वेळेला, त्या दिवशी होडी धक्क्याला लागत नाही, चिखल तुडवत जावं लागतं आणि पायाला चिखल घेऊन वर्गात शिरावं लागतं. म्हणून ती षष्ठीला एक तास आधी निघते. दर पंधरवड्याला. शाळेत कुणालाही कळत नाही की ही मुलगी महिन्यातनं दोनदा एवढ्या लवकर का येते. हा तक्ता मी माझ्या नववीच्या वर्गात फळ्यावर करून घेतला, अपूर्णांकाच्या गणितांना नाक मुरडणाऱ्या पोरी कॅलेंडर आणून तिथ्या बघायला लागल्या. त्यातल्या निम्म्याजणींनी समुद्र बघितलेला नाही.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

आमच्याकडं बायका 'मी येतो', 'मी चाललो', 'मी जेवलो' असंच बोलतात. माझी आजी तसंच बोलायची, चुलती बोलते, मीही घरात तसंच बोलते. वर्गात पोरगी उठून सांगते, "टीचर, मी अभ्यास केलो की, वही आणलो नाही." 'अभ्यास केला', 'वही आणली नाही' असं म्हण, म्हणून मी पंधरा वर्षं दुरुस्त करत आलेय, कारण पेपरात मार्क जातात. पण मनातनं मला ते चुकीचं कधी वाटलंच नाही. शेजारच्या कानडीत तसंच आहे, क्रियापद करणाऱ्याच्या मागनं जातं, आणि 'मी आलो' याला 'नानु बंदे' हे बाईही म्हणते आणि बाप्याही, त्यात फरकच नाही. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना हे ऐकून हसू येतं. लहानपणी पुण्याची एक आत्येबहीण मला म्हणाली होती, तू मुलगा आहेस का गं? मला प्रश्नच कळला नव्हता.

आणि मे महिन्यात घाट उतरला की तिसरंच. मालवणीत मुलगी म्हणजे चेडू, आणि चेडू नपुंसकलिंगी. तो झील इलो, ती बायल इली, ता चेडू इला. मी दारात उभी दिसले की शेजारची म्हातारी विचारायची, "ह्या कोणाचा चेडू?" आणि आजी आतनं ओरडायची की आमच्या बेळगावच्या लेकीचा. आपल्याकडंही लेकरू, पोरगं 'ते' असतं, पण मुलगी जरा चालायबोलायला लागली की 'ती' होते. तिकडं पंधरा-सोळा वर्षांची झाली तरी 'ता'च. म्हणजे मी बेळगावात 'आलो', वेंगुर्ल्यात 'इला' आणि शाळेच्या निबंधात 'आले'. तीन ठिकाणी तीन. शाळेच्या निबंधातली मी मला कायम कुणीतरी दुसरीच वाटायची, नीट केस विंचरलेली.

कादंबरी लिहिताना याचा मी विचारच केला नव्हता. पहिलं वाक्य चार वर्षांपासनं तेच होतं, 'ती पाण्यात उतरली.' मामीनं त्या दिवशी फोनवर "ता मागूक जाता" म्हटलं तेव्हा एकदम लख्ख झालं की ही मुलगी त्या वाडीत 'ती' नाहीच. तिच्या आईच्या, बापाच्या, होडीवाल्याच्या, मास्तरांच्या, सगळ्यांच्या तोंडात ती 'ता' आहे. मग तीनशे पानं मी तिला 'ती' म्हणतेय ते कुठनं बोलतेय? घाटावरनंच ना.

म्हणून मामीला विचारलं, मामी, चेडू 'ती' कधी होतं गं?

"लगीन झाला काय ती," असं पटकन म्हणाली. मग गप्प झाली. सुंगटं सोलून भांड्यात टाकायचा आवाज तेवढा येत होता. मीही काही बोलले नाही. मग म्हणाली, "माका आधीच म्हणाक लागले."

ती चौदा वर्षांची असताना तिचे वडील गेले, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. आई अंथरुणाला लागली, धाकटी तीन भावंडं, दहा दिवस झाल्यावर घरात काहीच उरलं नाही. तेव्हा तिनं आईची टोपली उचलली. किनाऱ्यावर होडी आली तिथं बायकांच्यात जाऊन उभी राहिली, पैसे नव्हते, ओळखीवर बांगडे घेतले, चुंबळ नीट बसेना म्हणून एका बाईनं तिच्या डोक्यावर बसवून दिली आणि काही न बोलता निघून गेली. बाजारापर्यंत चालत. भाव कसा सांगायचा माहीत नव्हतं, शेजारच्या बाईनं सांगितला की आपणही तोच सांगायचा. दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली. परत येताना तरीवर, होडी लागते तिथं, एक म्हातारा बसलेला, त्यानं होडीवाल्याला विचारलं, "ती इली काय?"

"माका वाटला आवशीक इचारतत," मामी म्हणाली. "मागीर कळला माकाच."

मी विचारलं, तेव्हा कसं वाटलं गं तुला?

"काय वाटतला. पाय दुखत होते."

यावर मी काय लिहिणार? चार वर्षं ज्याच्याभोवती फिरत होते ते तिनं सुंगटं सोलता सोलता सांगितलं. मी विचारलं, हे घालू का कादंबरीत. म्हणाली, "घाल. माझा नाव नको." नाव नाही घातलं, इथंही नाही.

आता ते कुठं बसवायचं ते मला माहीत आहे. कादंबरीत भाऊ पर्ससीनच्या बोटीवर आहे आणि बाप रापणकर, म्हणजे एकाच घरात दोन बाजू. रापण म्हणजे होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर धरून सगळ्या वाडीनं ओढायचं, मिळेल त्याचे वाटे करायचे, ओढायला आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोरांनाही मूठभर मासळी मिळते. त्यात मासा किनाऱ्याजवळ यावा लागतो. पर्ससीनची जाळी आत समुद्रात बांगड्याचा, तारलीचा अख्खा थवा गोल वेढून खालनं आवळते, मग किनाऱ्याला येणार काय? हे भांडण सिंधुदुर्गात किती पेटलं ते तिकडच्यांना सांगायला नको. २०१६ ला राज्यानं पर्ससीनवर निर्बंध आणले, २०१७ ला केंद्रानं एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी घातली, ते सगळं माझ्या कादंबरीच्या नंतरचं. २००९ च्या त्या घरात एवढंच आहे की भाऊ महिन्यानं घरी येताना बांगडे आणतो, आई त्याचं तिखलं करते, आणि बाप पेज आणि लोणच्याची फोड घेऊन पडवीत जाऊन बसतो. कुणी ओरडत नाही. मुलगी दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर बसून जेवते. तिच्या ताटात बांगडा आहे आणि तो तिला आवडतो, हेच तिचं दुःख.

आणि मग ११ नोव्हेंबर २००९, फयान वादळ. ते पुढं वर अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं, पण त्याच्या आधीच सिंधुदुर्ग, रत्नागिरीच्या बोटी समुद्रात अडकल्या, माणसं गेली. ती रात्र मला आठवते, आई मामाचा नंबर लावत बसली होती, लागत नव्हता, लावायची, ठेवायची, परत लावायची, बाबा तेव्हा टेम्पो सोडून घरीच असायचे, ते दारात उभे राहून घाटाच्या दिशेनं बघत होते, तिथनं काय दिसणार होतं त्यांना? मामाचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

कादंबरीत भावाची बोट तीन दिवस बेपत्ता आहे. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी त्याला मारलं होतं. वाचणाऱ्या दोघातिघांनी सांगितलं की तो भाग वाचून रडू आलं. तरी मला ते बरोबर वाटत नव्हतं, वादळ आलं म्हणून कुणीतरी मरायलाच पाहिजे असं करून मी त्या घराचं सगळं भांडण सोपं करून टाकलं होतं. आता तो मरत नाही. बोट देवगडच्या बंदरात जाऊन थांबलेली असते, तिथं वादळात बोटी आसऱ्याला जातातच, फक्त घरी कळवायला काही मार्ग नाही. त्या तीन दिवसांत बाप किनाऱ्यावरनं हलत नाही, ज्या बोटीला तो शिव्या घालायचा तिचीच वाट बघतोय. आई उठत नाही. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी टोपली घेते. वादळानंतर मासळी कुठली, ती घरातला खारा बांगडा टोपलीत भरते आणि होडीत बसते. या वेळी वाऱ्याची बाजू बघत नाही. संध्याकाळी बाप तरीवर येऊन विचारतो, ती इली काय. होडीवाल्याला वाटतं तो बायकोबद्दल विचारतोय.

तिथनं पुढं, शेवटच्या साठ पानांत, ती 'ती' असेल. त्याच्या आधीच्या सगळ्या पानांत 'ते'. म्हणजे त्या सगळ्या पानांतलं तिचं प्रत्येक क्रियापद बदलायचं आहे, 'गेली' चं 'गेलं', 'म्हणाली' चं 'म्हणालं', फाईंड-रिप्लेस करून होत नाही कारण आईही 'गेली' आणि होडीही 'गेली'. रोज रात्री जेवण झाल्यावर दहा पानं करते. वाचताना सुरुवातीला अडखळायला होईल वाचकाला, होऊ दे. मी 'आलो' म्हणत मोठी झाले, मला माहीत आहे की कान तीन-चार पानांत सरावतो.

वर्गात मी यातला होडीतला एक प्रसंग वाचून दाखवला होता, मुलगी होडीत एका मुलाशी दोन वाक्यं बोलते, गणिताच्या पेपराबद्दल, आणि ती घरी पोचायच्या आधी ते घरी पोचलेलं असतं. मी थांबून विचारलं की हे कसं झालं असेल. मागच्या बाकावरची एकजण म्हणाली, "त्यात काय टीचर, आमच्या बशीत पण तस्संच हाय." सगळा वर्ग तिच्याकडं वळून बघायला लागला आणि ती लाल झाली. मी पुढचं वाचायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सुट्टीत ती एकटी आली आणि विचारलं, त्या पोरीला घरात मारलं काय. मी म्हटलं नाही, आईनं फक्त होडीऐवजी लांबच्या वाटेनं जायला सांगितलं. तिनं मान हलवली आणि गेली. तिला काय विचारायचं होतं ते मी अजून विचार करतेय, आणि तिच्याशी बोलायला हवं, तेही ठरवलंय.

दसऱ्याच्या सुट्टीत घाट उतरणार आहे. रापणीचे वाटे होताना मी शेवटचं बघितलं तेव्हा मी बारा वर्षांची होते, कोण मोजतं, कोण उभं राहतं, बायका कुठल्या बाजूला असतात ते परत बघायचं आहे, आठवणीवर आता भरवसा ठेवायचा नाही. मामीला विचारलं कधी येऊ, तर म्हणाली अष्टमीला ये, सकाळी सहाला भरती, होडी थेट धक्क्याला लागते, पाय भिजायचे नाहीत. येताना कुंदा आण म्हणाली, आणि मेथीच्या दोन पेंड्या.

पहिलं वाक्य काल रात्री बदललं. 'ते पाण्यात उतरलं' असं आहे आता. मामीला अजून वाचून दाखवायचं आहे.